सड्यावरचा उजेड

फाल्गुनातली सकाळ सड्यावर, समुद्राकाठच्या त्या उंच कातळमाळावर, घाईने येत नाही. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे उजेड पाठीमागून येतो. आधी दूरच्या डोंगरांच्या कडा काळ्याच्या राखाडी होतात, मग कितीतरी वेळ काहीच घडत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटू लागते की आजचा दिवस बहुधा एवढाच असेल. केव्हातरी पायाखालच्या जांभ्याला रंग येतो. रात्री जो नुसता खडबडीत काळोख होता त्यातली भोके, खळगे, खळग्यांत अडकलेली वाळकी पाने एकेक करून दिसू लागतात. गवत आधी पांढरे दिसते, नंतर पिवळे. काजूच्या कोवळ्या पालवीवर तांबूस ओल चढते. समुद्र सर्वांत शेवटी जागा होतो. सडा पुरता उजाडला तरी खाली तो शिळ्या पेजेसारखा गढूळ पडून असतो. या उजेडात सांगण्यासारखे काही नसते. तो रोज येतो, कुणासाठी म्हणून येत नाही, आणि ज्यावर पडतो त्याचे बरेवाईट त्याला ठाऊक नसते. उन्मेषला तो आवडे तो याच कारणाने.

दोन हजार दोन सालच्या शिमग्यातल्या त्या सकाळी तो सड्याच्या उत्तर कडेला पोहोचला, तेव्हा त्याचा दिवा जळत होता. उजाडत आले की पाऱ्याच्या वाफेचा दिवा मोठा केविलवाणा दिसतो. रात्री मैलभर पसरणारा त्याचा पांढरा झोत आपल्याच काचेभोवती गोळा होऊन राहतो. उन्मेषने पंपाच्या खोलीत जाऊन बटण बंद केले आणि सापळ्यापाशी गुडघे टेकले. सापळा म्हणजे एक मोठी बादली, तिच्या तोंडावर पत्र्याचे नरसाळे, नरसाळ्यावर दिवा, आणि बादलीच्या आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. दिव्याकडे झेपावलेले पतंग नरसाळ्यातून आत घसरत आणि पुठ्ठ्याच्या खळग्यांत अंग चोरून बसत. सकाळी ट्रे उचलून त्यांना ओळखायचे, नोंदवायचे आणि गवतात सोडून द्यायचे. रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून तो गावी परतला, त्याला आता काही वर्षे झाली होती. वडील, दत्तात्रेय, गेल्यापासून आंब्याची बाग आई कुसुमच पाहत असे. उन्मेषला माणसांत बसणे जमत नसे. पतंगांच्या बाबतीत ती अडचण नव्हती.

आजवर तो घरामागच्या घळीत दिवा लावी. तिथून उजेड बाहेर पडत नसे, आणि पतंगही तेच ते येत. या वर्षी काजू मोहरल्यावर खालच्या कड्यावरून काय वर येते ते पाहावे, म्हणून बागेच्या टाकीशेजारच्या पंपाच्या खोलीतून त्याने वायर ओढली होती आणि सापळा सड्याच्या अगदी कडेला मांडला होता. ती पहिलीच रात्र होती.

पहिला ट्रे त्याने उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. पुठ्ठ्याच्या खालच्या अंगाला, एकमेकांना खेटून, कण्हेरीवरचे हिरवे पतंग बसले होते. शेवाळी, पांढुरकी, मधूनच गुलाबी झाक असलेली ती रुंद पंखांची पाखरे त्याने आजवर एकेकटी पाहिली होती. दुसऱ्या ट्रेखालीही तीच. तो हळूहळू ट्रे उलटत राहिला, टिपून घेत राहिला. आयुष्यात आपल्याला मागावेसे काही वाटले नाही हे बरेच झाले, असे त्याला त्या क्षणी वाटले. मग खालून कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला.

तो कडेपर्यंत गेला. खाली, खाडीच्या तोंडापासून उत्तरेला, खडपांवर, पाण्यातून वर आलेल्या खडकांच्या रांगेवर, एक होडी कुशीवर पडली होती. लाटा तिच्यावरून जात होत्या. ओहोटीने उघड्या पडलेल्या एका खडकावर एक माणूस दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता आणि किनाऱ्याने माणसे धावत होती. होडी दादू तांडेलाची होती, बसलेला माणूस दादू होता. त्याचा धाकटा भाऊ सदू दुपारी पलीकडच्या वाळूत सापडला.

त्या गावाची एक रीत होती. सड्याच्या दक्षिण टोकाला देवीचे देऊळ, आणि देवळापुढच्या दीपमाळेवर एक दिवा. तो बरोबर खाडीच्या तोंडावर येई, म्हणून रात्री परतणारे तांडेल तो नाकासमोर धरून होडी आत घालत. परंतु शिमग्यात देवी पालखीत बसून वाड्यावाड्यांतून घरोघर जाई. देवी घरी नाही तर तिच्या दारात दिवा कसला? म्हणून पालखी बाहेर असेपर्यंत दीपमाळ काळोखी राही. तेवढे दिवस दर्यावरची माणसे उजाडल्याशिवाय खाडीत शिरत नसत, आणि सड्यावर पुन्हा उजेड दिसला की दुरूनच हात जोडून म्हणत, आई घरी आली.

“काळोखात मी बघितला वो उजेड,” दादू त्या सकाळी किनाऱ्यावर म्हणाला. त्याच्या अंगावर कुणीतरी गोधडी टाकली होती आणि ती त्याच्या दातांबरोबर हलत होती. “पांढराफेक. मला वाटला, गावचे मुंबईकर बोलले होते तसा देवळाला नवा दिवा लावलानी. सदूला म्हटला, अरे आई घरी गेली, नि उद्या तर पालखी आपल्या दारात यायची होती! आपली पाळी चुकली म्हटला, चल, चल. इंजिन सोडला मोकळा. उजेड नाकासमोर धरला नि...”

“दादू,” रावजी गुरव त्याच्यासमोर उकिडवा बसला. देवीची पूजा आणि कौल त्याच्याकडे असत. रात्रभर पालखीबरोबर नाचून त्याचा घसा बसला होता. “आई आमच्या खांद्यावर होती. डोंगराच्या पलीकडं, वरच्या वाडीत. सगळा गाव तिथं. नि तुला देवळात तिचा दिवा दिसला?”

“दिसला.”

“बूच काढलं की बाटलीतपण उजेड पडतो,” मागून कुणीतरी बोलले.

“माळ घातलेय मी! वर्ष झालं, शिवलो नाय!”

“माळ गळ्यात असते रे. घसा आत असतो.”

एकदोघे हसले. मग सदूची बायको काशी येताना दिसली आणि सगळे गप्प झाले. ती रडत नव्हती. दादूकडे बघत एवढेच म्हणाली, “जाताना दोघं गेलात.” आणि वाळूकडे वळली.

उन्मेष गर्दीच्या कडेला उभा होता. ‘पांढरा’ हा शब्द त्याने ऐकला. त्या शब्दाने त्याच्या आत कुठेतरी हात घातला, आणि त्याच क्षणी त्याच्या मनाने तो हात धरून बाहेर काढला. वाडीतली वीज रात्री पालखी निघतानाच गेली होती. घरात काळोख झाला तेव्हा त्याने मनाशी म्हटले होते, वरचाही दिवा गेला असणार, आता चढून जाऊन बंद करण्यात अर्थ नाही. असे म्हणून तो झोपला होता. वीज उजाडताना आली असणार आणि दिवा आपोआप पुन्हा लागला असणार. त्याने तो जळताना पाहिला ते त्यानंतर. यात कुठे खोट नव्हती. ती साखळी त्याने पुन्हा पुन्हा तपासली, आणि कडी कडीत नीट बसते आहे असे पाहून तो घरी गेला.

त्याच संध्याकाळी त्याने सड्यावरचा सापळा उचलला आणि घळीत आणून ठेवला.

कुसुम पडवीत ओले काजू सोलत होती. चिकाने तिच्या बोटांची साले निघाली होती. दरवर्षी निघत, आणि दरवर्षी ती राख लावून पुन्हा बसे.

“दिवा खाली आणलास?”

“हो. वर वारा फार आहे.”

तिने एक गर अखंड सोडवला आणि पाण्यात टाकला. “आपल्या पंपाला काल रात्री वीज होती का रे?”

“वाडीत नव्हती.”

“वाडीचं नाही विचारलं मी.”

“नव्हती,” उन्मेष म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. त्यानंतर तिने वर पाहिले नाही. पंपाची लाईन वाडीवरून येत नाही, बर्फाच्या कारखान्याच्या बाजूने येते, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होते. वाडीची वीज गेली तरी बागेचे पाणी थांबू नये म्हणून दत्तात्रेयांनी कित्येक उन्हाळे कचेरीत खेपा घालून ती लाईन मिळवली होती. पण कारखान्याकडचीही वीज कधीकधी जातेच, असे उन्मेषने स्वतःला सांगितले. जाते, हे खरेच होते.

आणखी एक गोष्ट होती, ती त्याला सांगून गप्प करता येत नव्हती. गेले दोन वसंत तो घळीत दिव्यापाशी जागून बसला होता. कण्हेरीवरचे ते हिरवे पतंग रात्र सरत आली की येतात, काळोख पातळ होण्याच्या आधी, आणि एकेक करून येतात. उजाडताना क्षणभर लागलेल्या दिव्याने बादली भरत नाही. डोळे मिटले की त्याला पुठ्ठ्याखाली खेटून बसलेले ते पंख दिसत, आणि इतके सुंदर काही आपल्याला पुन्हा कधीच पाहावेसे वाटणार नाही हे त्याला कळे. वारा असेल, तो म्हणे. वाऱ्याने आले असतील, सगळे एकदम.

सदूचे दिवस झाल्यावर दादू त्यांच्याकडे आला. एरवी तो यायचा तो अंगणातूनच ओरडत, “काय भाऊ, भरली का पाखरांची शाळा? सगळी हजर? कोण दांडी मारलानी?” बागेच्या आंब्याच्या पेट्या खाडीपलीकडे न्यायला त्याची होडी असे, आणि उन्मेष लहान असल्यापासून त्याला सुकाणूला हात लावू देणारा तो एकटाच माणूस होता. आज तो पडवीच्या पायरीवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“भाऊ, तुमी सड्यावर जाता, म्हणून आलो.”

“बोला ना, दादूकाका.”

“त्या रात्री तुमी वर होतात?”

“नव्हतो. खालीच झोपलो होतो.”

“पहाटेस गेलात?”

“उजाडल्यावर.”

“तवा देवळाचा दिवा?”

“बंद होता.”

प्रत्येक उत्तर खरे होते. उन्मेष एका खऱ्या उत्तरावरून दुसऱ्यावर पाय टाकत गेला, जसे खडपांवरून पाण्यात न भिजता जाता येते, आणि पलीकडे पोहोचल्यावर त्याला दादूकडे पाहवेना.

“काय तरी होतं वो वर,” दादू म्हणाला. “खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं होडी आत घातली, काळोखात घातली, धुक्यात घातली. डोळ्यांनी मला कधी फसवलंन नाय.” त्याने टोपी फिरवून पाहिली. “गावानं ठरवलंय, पालखी देवळात गेली की कौल लावायचा. देवीचा दिवा होता का नव्हता, तीच सांगंल. उजवा दिलान तर सुटलो. डावा दिलान तर सुकाणूला हात लावायचा नाय. कोण बसंल माझ्या होडीत? नि काशी... ती माझ्या पोराला पण दारात येऊ देत नाय. म्हणते, बापासारखा पिऊन येईल.”

कुसुम आतून चहा घेऊन आली. तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि मुलाकडे पाहिले. उन्मेषने कप दादूच्या आणखी जवळ सरकवला. ती पुन्हा आत गेली, आणि स्वयंपाकघरात बराच वेळ कुठलेही भांडे वाजले नाही.

“तुमी या कौलाला,” उठताना दादू म्हणाला. “शिकलेला माणूस उभा असला की लोक जरा जपून बोलतात.”

पालखी देवळात आली त्या दुपारी सडा तापून कोरडा झणझणत होता. उन्मेष सभामंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिला. दीपमाळेवर पिवळा दिवा भर उन्हात लावून ठेवला होता. देवी घरी आली होती. रावजी गुरवाने देवीच्या पाषाणावर ओल्या फुलांच्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मग तो हात जोडून उभा राहिला आणि त्याने गाऱ्हाणे घातले.

“हे आई, बारा वाड्यांच्या आई, तुझी लेकरं आज दारात उभी हायत.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“तुझा एक लेक दर्यानं नेलान. दुसरा म्हणतो, तुझा दिवा बघून सुकाणू फिरवला. तू आमच्या खांद्यावर असताना तुझ्या दारात दिवा लागला असंल, तर उजवा दे. लागला नसंल, तर डावा दे. काय असंल ता उघड कर!”

“व्हय म्हाराजा.”

मंडपात इतकी शांतता झाली की पाकळ्यांवरून पाणी ओघळताना ऐकू यावे. दादू पुढे बसला होता, पाठ ताठ, सुकाणूवर बसे तसा. उन्मेष पाकळ्यांकडे पाहत नव्हता. तो त्या पाठीकडे पाहत होता आणि मनात म्हणत होता, उजवा दे, उजवा दे. देवीने त्याच्या वतीने खोटे बोलावे असे आपण मागतो आहोत, हे त्याला समजत होते, आणि तरीही तो मागत होता.

डावीकडची पाकळी सुटली.

कुणीतरी सुस्कारा सोडला. रावजीने पुन्हा हात जोडले. त्यालाही बरे वाटलेले दिसले नाही. देवीने खरे तेच सांगितले होते. तिचा दिवा लागला नव्हता. दुसऱ्या कुठल्या दिव्याविषयी तिला कुणी विचारलेच नव्हते, कारण सड्यावर दुसरा दिवा असतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

काशी बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. थोरल्या दिरासमोर तिने आजवर मान वर केली नव्हती. “आता तरी सांगा भावजी,” ती म्हणाली. “आईसमोर सांगा. प्यायलेले होतात.”

दादूने देवीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले, जसे धुक्यात किनारा शोधतात. मग त्याची पाठ वाकली.

“व्हय,” तो म्हणाला. “असंन. प्यायलेला असंन मी.”

“असंन?”

“होतो. आई सांगते म्हणजे होतो.”

त्याने उंबऱ्यावर डोके टेकले. लोक एकेक करून उठले. आता त्याची कुणी टिंगल केली नाही. संपलेल्या माणसाला वाट देतात तशी त्यांनी त्याला वाट दिली. उन्मेषला वाटले, आपणही निघावे. घळीत सावली असेल. संध्याकाळी दिवा लावता येईल, उद्या सकाळी ट्रे उचलता येतील, आणि हे असेच मागे पडत जाईल, जसे सगळेच पडते. तो खांबापासून वळला, तर दादू त्याच्यासमोर उभा होता.

“भाऊ.”

त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते. तांबूस, थकलेले, आतून काहीतरी काढून घेतल्यासारखे ते डोळे उन्मेषच्या तोंडाकडे पाहत होते.

“मी कबूल केला सगळा. पण डोकं ऐकत नाय वो. रात्री निजलो की उजेड तिथंच. पांढरा. मंग मी उठून बसतो, बायको घाबरते.” त्याने आवाज खाली आणला. “तुमी शिकलेले. पहाटेस वर गेलेले तुमी एकटे. एकदा माझ्या तोंडावर म्हणा, दादू, वर उजेड नव्हता. नुसतं म्हणा. म्हणजे मी डोळ्यांना सांगंन, गप बसा, आता भाऊपण बोलले.”

पायरीवर काशी थांबली होती. रावजी हातातले ताम्हन पुसत थबकला. मंडपाच्या टोकाला कुसुम उभी होती. ती केव्हा आली ते उन्मेषला कळले नव्हते. बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. दादू घरी जाऊन झोपला असता. पडवीत येऊन गेला तेव्हा त्याला ‘होता’ ऐकायचे होते. आज तो ‘नव्हता’ मागत होता, आणि ते देणे इतके सोपे होते की उन्मेषचे ओठ त्या शब्दासाठी उघडलेसुद्धा.

“उजेड होता,” तो म्हणाला.

दादू एक पाऊल पुढे आला.

“देवीचा नव्हता. माझा होता, पतंगांचा. मी दिवा या वेळी वर कडेला लावला होता, खडपांच्या बरोबर वर. तुम्ही बघितलात ते खरं बघितलंत, दादूकाका.”

“पण वीज?” रावजी म्हणाला. “वीज तर रात्रभर नव्हती.”

उन्मेषने आईकडे पाहिले नाही. आपला आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, सपाट, कोरडा.

“वाडीत नव्हती,” तो म्हणाला. “सड्यावरची वीज गेलीच नव्हती.”